हळदीचं बोट

“तू तेवढे खल घासून दे, आणि मग पूजा होईपर्यंत बाहेर थांब.”

सर हे अगदी गोड आवाजात म्हणाले. चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मला लगेच उत्तर सुचतं. गोड बोलणाऱ्यापुढे माझी जीभ जड होते.

खंडेनवमीचा दिवस होता. चाकणच्या पट्ट्यात त्या दिवशी हाराशिवाय एकही मशीन दिसत नाही. निघोज्याच्या रस्त्याला सकाळपासून झेंडूचे टेम्पो लागलेले. आमची कंपनी बेंटोनाइटची. बेंटोनाइट म्हणजे एक चिकणमाती, फाउंड्रीत साच्यांच्या वाळूत मिसळतात ती. खाली माती दळायच्या चक्क्या, वर आमची लॅब. सर त्या लॅबचे प्रमुख, मी तिथली केमिस्ट. एम.एस्सी. झालेली, मुलाखत देऊन लागलेली. कुणाच्या उपकारानं नाही.

मी खल घासले. चिनी मातीचे, आतून खरखरीत, तळाशी नेहमी काहीतरी धरून ठेवणारे. ऊन पाण्यानं घासले, पुसले, टेबलावर ओळीनं मांडले आणि पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. दाराला काच होती. आतलं सगळं दिसत होतं. गौरी ताम्हन धरून उभी होती. गौरी माझ्याबरोबरच लागलेली, माझ्याइतकीच शिकलेली, फक्त तिला बाहेर थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी ओव्हनला हळदकुंकू लावलं, वजनकाट्याला लावलं, यूव्ही दिव्याला लावलं. मग मी घासलेल्या खलांना. नारळ फुटला. खालचे कामगारसुद्धा वर येऊन प्रसाद घेऊन गेले.

शेवटी सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर आले. मी हात पुढे केला. पेढा वरून पडला. हाताला हात लागणार नाही एवढ्या वरून.

“तुमच्यात हे नसतं ना, म्हणून म्हटलं,” सर म्हणाले. “उगाच तुला अवघडल्यासारखं व्हायला नको.”

आमच्यात हे नसतं, खरं आहे. दसऱ्याला आमच्या घरी आपट्याची पानं येत नाहीत. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. सरांनी त्या दिवशी मला आत बोलावलं असतं तरी मी हात जोडले नसते, मागे उभी राहिले असते. पण तो नकार माझा असता. इथे मला विचारलंच नव्हतं. घासायला माझा हात चालला आणि घासून झाल्यावर चालेनासा झाला. पेढा मी खाल्ला.

आम्ही लॅबमध्ये काय करत होतो ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आपल्या भागात गाड्यांचे सुटे भाग बनतात तसे नकली भागही बनतात. डबा सारखा, छाप सारखी, आतला माल भंगार. एका मोठ्या गाडीकंपनीला अशी खूण हवी होती की नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण यूव्ही दिव्याखाली उजळेल. नकली माल लगेच ओळखू येईल. मालकांना वाटलं, आपल्याकडे माती आहे, मातीतून काही होतंय का बघा.

होतं. बेंटोनाइटला पापुद्रे असतात, चिरोट्याला असतात तसे, फक्त डोळ्यांना दिसणार नाहीत इतके पातळ. ती माती ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या पाण्यात भिजवली की धातू त्या पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतो. मग धुवायची, पुन्हा धुवायची, जास्तीचा क्षार निघून जाईपर्यंत धुवायची. वाळवायची. त्यात ऑक्झिन नावाची एक पांढरी भुकटी घालून खलात कोरडीच घोटायची. बस. पाणी नाही, भट्टी नाही. भुकटी पापुद्र्यांत शिरते, आतल्या धातूला धरते, आणि दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. पांढरी माती घोटता घोटता फिकट पिवळी होते. दिव्याखाली धरली की हिरवी उजळते.

पहिल्यांदा ती माझ्या खलात उजळली तेव्हा मी एकटीच हसले होते. आमच्याकडे उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. एक दिवा होता आणि आतून काळा रंग दिलेला एक खोका. त्या खोक्यात डोकं घालून मी किती वेळ बघत बसले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, लातूरकडून आले आणि सगळी उमर चिंचवडच्या एका फाउंड्रीत साचे भरत राहिले. हीच माती. त्यांच्या नखांतून ती कधी पुरती निघाली नाही. आणि आता तीच माती माझ्या हातात उजळत होती. मला फार बरं वाटलं. अभिमान वाटला, सरळच सांगते.

दसऱ्यानंतर सरांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

सरांची डॉक्टरेट रबरातली. परदेशात राहून आलेले. माती भिजवून रात्रभर ठेवायची हे त्यांना पटायचं नाही. “एवढा वेळ कोण थांबतो?” म्हणायचे. घाईघाईत भिजवली, घाईघाईत धुतली, पूजेतला एक खल ओढला आणि घोटली. खोक्यात ठेवली. दिवा लावला.

ती अशी पेटली की गौरी ओरडलीच. माझ्या नमुन्याच्या कितीतरी पट. पिवळसर, झगझगीत.

सर मागे सरले, खोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खलाला हात लावून तो कपाळाला लावला. “लागला,” म्हणाले. “हा खल लागला आपल्याला.”

त्या दिवसापासून नियम झाला. तो खल वेगळ्या फळीवर ठेवायचा. त्याला पाण्यानं धुवायचं नाही, नुसता कोरड्या फडक्यानं पुसायचा. दर वेळी घोटायच्या आधी त्यात हळदीचं बोट लावायचं, शुभ कामाची सुरुवात म्हणून. ते बोट गौरीनं लावायचं. आणि त्या खलाला मी हात लावायचा नाही. हे शेवटचं कुणी बोललं नाही. मी एकदा तो फळीवरून उचलायला गेले तर सर म्हणाले, “राहू दे, राहू दे, गौरी घेईल.” तेवढ्यानं कळतं. आमच्या लोकांना एवढं कळायला शिकवावं लागत नाही.

माझा खल मी दर वेळी धुवून घ्यायचे, त्यातला नमुना रोजच्यासारखाच हिरवा, मंद. सरांचा झगझगीत. एकदा मालक वर आले होते, त्यांच्यासमोर दोन्ही बशा खोक्यात शेजारी शेजारी ठेवल्या. मालकांनी विचारलं, “एकच रीत ना? मग एवढा फरक का?”

सर हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हाताला गुण लागतो, साहेब. हिच्या हाताला गुण नाही. हुशार आहे हो पोरगी, पण काही हातांना नसतोच.”

मालक हसले. गौरी खाली बघत राहिली. मी दिवा बंद केला.

मला वाटलं होतं, हे इथेच संपेल. मी विज्ञान शिकलेली बाई. हाताला गुण म्हणे. पण माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी हात दोनदा धुतले. मग हातमोज्यांवर हातमोजे घातले. मग घोटायची वेळ आली की गौरीला म्हणू लागले, “तू घोट ना जरा.” तिनं माझ्या खलात घोटलं तरी उजेड तेवढाच यायचा, हे मला दिसत होतं. तरीही मला वाटायचं, भिजवताना माझा हात लागलाय ना. घरी जेवताना मी ताटातल्या स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे. घामाची काही भानगड असेल का, अंगात काही असेल का. माझ्या आजीला पाणी वरून वाढायचे, ते मी घरात ऐकत आले होते आणि ते ऐकून माझं डोकं फिरायचं. आणि आता मीच स्वतःच्या हाताला वरून पाणी घालत होते. सरांनी एक वाक्य टाकलं होतं. बाकीचं काम मी घरी बसून करत होते.

आण्णांनी एकदा विचारलं, “हात का सारखे चोळायलीस गं?”

“काही नाही. कोरडे पडलेत.”

गाडीकंपनीला जो माल गेला तो सगळा सरांच्या खलातला. थोडा थोडा करून घोटलेला, लॅकर नावाच्या पारदर्शक वार्निशमध्ये मिसळलेला. तिकडे त्यांनी भागांवर ठिपके मारले, दिव्याखाली बघितले, खूश झाले. मग भाग उघड्यावर पॅलेटवर उन्हात पडून राहिले, कुठल्याही कंपनीच्या आवारात पडतात तसे. नंतर पुन्हा दिवा मारला. काही नाही. ठिपके मेलेले.

फोन आला तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरेदी विभागाचे साहेब स्वतः येणार होते. चाचणी का फसली, हे त्यांना समोरासमोर ऐकायचं होतं. पटलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. एरवी सांगत नाहीत.

“हे बघ, माल तुझ्या हातचा होता असं सांगू आपण. तू एवढंच म्हणायचं, माझ्याकडून धुण्यात चूक झाली. नवीन माणसाकडून होतं. ते समजून घेतील, पुन्हा संधी देतील.”

“पण माल तुमच्या खलातला होता.”

“माझं नाव गेलं तर लॅबचं नाव जातं. तुझं काय जाणार आहे?”

हे त्यांनी खरंच विचारलं. उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. माझं जाण्यासारखं काही असू शकतं, ही गोष्टच त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मी “बघते” म्हणून उठले. “बघते” का म्हणाले? नोकरी डोळ्यांपुढे होती. आण्णांचा दमा डोळ्यांपुढे होता. आणि खरं सांगायचं तर, आपल्याच हातात खोट आहे असं मला तेव्हा अर्धं पटलेलं होतं. अर्धं पटलेलं माणूस चटकन गुन्हा कबूल करतं.

तरी एक गोष्ट मला सोडवत नव्हती. ऊन. मी माझा नमुना आणि सरांचा नमुना, दोन्ही बशा लॅबच्या खिडकीत उन्हात ठेवल्या. दक्षिणेची खिडकी, पत्र्याच्या शेडवरून झळा येतात. साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या खोक्यात ठेवल्या. सरांची बशी मेली होती. नुसती माती. माझी होती तशीच. मंद, हिरवी, पण होती.

मी गौरीला हाक मारली. “जरा ती बशी सरळ कर गं आत, मी दिवा धरते.”

तिनं खोक्यात हात घातला. आणि तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पेटलं. त्या बोटाचं टोक, नखाची कड, पेराच्या रेघा. तोच पिवळसर झगझगीत उजेड. सरांच्या खलातला.

“बोटाला काय आहे तुझ्या?”

“कुठे काय? अगं, हळद आहे ती. आत्ताच खलाला लावली. सर लावायला सांगतात ना.”

मी दिवा धरून तशीच उभी राहिले. हळद दिव्याखाली पेटते हे मला कॉलेजपासून माहीत होतं. प्रॅक्टिकलला पोरं हळदीनं नावं लिहून दिव्याखाली वाचायची. उन्हात हळद उडते हे तर प्रत्येक घरात माहीत असतं, हळदीचा डाग पडला की आई कपडा उन्हात टाकते. सगळं मला माहीत होतं. मला ते आठवलं नाही, कारण इतके दिवस मी माझा हात तपासत होते. खल तपासायचं सोडून हात. सरांनी मला लॅबमधून बाहेर काढलं होतं ते पूजेच्या दिवशी, थोड्या वेळासाठी. माझ्या डोक्यातून मात्र मला रोज बाहेर काढलं जात होतं, आणि काढणारी मीच होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरांचा राग आला त्याहून जास्त ह्याचा आला.

मी फळीवरचा तो खल उतरवला. गौरी म्हणाली, “अगं, अगं...” मी खोक्यात धरला. खलाच्या आत तळापासून कडेपर्यंत बोटांचे फराटे उजळत होते, एकावर एक, दसऱ्यापासूनचे. सरांच्या मातीत धातू नीट शिरलाच नव्हता. शिरायला वेळच दिला नव्हता. उजळत होती ती पूजेची हळद.

गौरीला लगेच कळलं. शिकलेली आहे. “माझं नाव घेऊ नकोस हं,” ती म्हणाली. “माझं लग्न ठरलंय. मला आत्ता भानगड नको.”

मी नाव घेतलं नाही. तिच्यावर माझा राग नव्हता. थोडा होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साधा माणूस, कारखान्यात वाढलेला, हातात हेल्मेट. मालक, सर, गौरी, मी. लॅबमध्येच बसलो. चहा झाला. सरांनी माती, पापुद्रे, धातू, सगळं छान समजावून सांगितलं. सांगतात छान. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बोल. घाबरू नकोस. झालं ते झालं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मालकांच्या चेहऱ्यावर आधीच क्षमा होती.

“चूक माझ्याकडून झालेली नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला. कोरडा. सरांनी हसायचा प्रयत्न केला. “अगं, आपलं काय बोलणं झालं होतं?”

“बोलणं तुम्ही केलं होतं. मी बघते म्हणाले होते. मी बघितलं.”

मी उठले. खिडकीशेजारी लॅबचा लहानसा देव्हारा, एक तसबीर, एक निरांजन, हळदीकुंकवाची कोयरी. मी कोयरीकडे हात नेला.

“त्याला हात लावू नकोस!”

सर ओरडले. खुर्चीवरून उठून ओरडले. आवाज खाली चक्कीपर्यंत गेला असावा. तो गोड आवाज नव्हता. दसऱ्यापासून ज्या आवाजाची मी वाट बघत होते तो हा. आता मला उत्तर सुचत होतं.

“का?” मी विचारलं.

मालक टेबलाकडे बघू लागले. साहेबांनी हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं आणि एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी सरांना पुरेसा वेळ दिला. “पूजेची आहे ती,” एवढंच ते शेवटी पुटपुटले.

मी हळदीत बोट बुडवलं. चांगलं बुडवलं. बशीत नुसती माती घेतली, पोत्यातली, चाळून ठेवलेली. “ह्यात धातू नाही. ऑक्झिन नाही. नुसती माती,” मी साहेबांना म्हणाले आणि हळदीचं बोट त्यात फिरवलं. बशी खोक्यात ठेवली, दिवा लावला. साहेब वाकून बघत होते.

“हा तर तोच उजेड,” ते म्हणाले. “आमच्या ठिपक्यांचा.”

“हो. तुमच्या भागांवर हळद लागली होती. ती उन्हात उडाली.”

मग मी माझी बशी ठेवली, खिडकीत उन्हानं भाजून निघालेली. मंद हिरवा उजेड. “हा पापुद्र्यांच्या आतला आहे. तो दिसायला कमी आहे, पण ऊन त्याला लवकर मारत नाही. किती दिवस टिकेल ते अजून बघावं लागेल. टिकेल असं मी आत्ता छातीठोक सांगत नाही.”

साहेब बराच वेळ खोक्यात बघत होते. डोकं वर काढलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, आम्हाला हा द्या. हाच हवाय.”

आणि त्याच क्षणी सर म्हणाले, “हो हो, हा आमच्या टीमचाच आहे. दोन पद्धतींवर आम्ही समांतर काम करत होतो.”

बघा. हळद उडायला ऊन तरी लागलं. सरांना तेवढंही लागलं नाही. मालकांनी मान डोलावली. साहेबांनी हात मिळवले, सगळ्यांशी, माझ्याशीही, आणि गेले. काम वाचलं. कंपनी वाचली. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. ह्या वेळी बसायला सांगितलं नाही.

“सगळ्यांसमोर तमाशा केलास. मला आधी येऊन सांगता आलं नसतं?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“उलट बोलू नकोस. हे बघ, तुझी पद्धत गौरीला शिकव. भिजवणं, धुणं, सगळं. पुढे ती बघेल. तुला मी महाळुंग्याच्या गोदामावर टाकतोय, मातीची तपासणी करायला. इथलं वातावरण तुला मानवत नाही.”

“मी इथेच बनवीन. कामावर माझं नाव लागेल. तसं असेल तर गौरीला काय, हव्या तेवढ्या माणसांना शिकवीन.”

“नाहीतर?”

“नाहीतर नाही.”

सर हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या लोकांना संधी दिली की हे असं होतं.”

ते हे बोलले तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. अशी वाक्यं नेहमी दोघांतच बोलली जातात.

घरी आण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. आण्णा घाबरले.

“कशाला तोंड उघडलंस गं? म्हण म्हणले तर म्हणून टाकायचं, चुकलं म्हणून. म्या न्हाई का म्हणलो सारी उमर?”

“म्हणूनच मी म्हणणार नाही.”

मला रडू येत होतं आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. त्यांच्यावर का ओरडले ते मला अजून कळलेलं नाही. ते उठून बाहेर ओट्यावर बसले. बराच वेळ खोकत होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, “आता राजीनामा मागतेल बघ तुला. गोडीत मागतेल. देऊ नको. आमच्या फाउंड्रीत लई जणांनी दिला असा. आपल्या हातानं लिहून गेलेल्या माणसाला मागून कुणी इचारत न्हाई.”

आण्णा बरोबर निघाले. एचआरच्या बाई आठवड्यानं भेटल्या, फार प्रेमानं. “तुझ्यासारख्या हुशार मुलीला बाहेर खूप स्कोप आहे. राजीनामा दे, आम्ही चांगला दाखला देऊ. उगाच रेकॉर्डवर काही यायला नको.” मी म्हणाले, रेकॉर्डवर येऊ द्या. त्या पुन्हा तेच प्रेमानं बोलल्या.

सध्या मी महाळुंग्याच्या गोदामात असते. पत्रा, पोती, धूळ. ट्रक येतो, मी मातीचा नमुना घेते, भिजवते, फुगते का बघते. कुणी बोलत नाही. डबा एकटी खाते. कधी कधी दुपारी मन खचतं. का उगाच, असं वाटतं. तेही लिहून ठेवते, नाही का वाटणार?

तिकडे लॅबमध्ये त्यांना तो उजेड मिळत नाहीये. सरांना रात्रभर थांबवत नाही. गौरीचा फोन येतो, आवाज बारीक करून विचारते, “किती वेळा धुतेस गं? किती वेळ भिजवतेस?” मी तिला एकच सांगते. मला बोलव. मी सगळ्यांसमोर करून दाखवते, आणि खाली माझं नाव लिही. ती फोन ठेवते. दोन दिवसांनी पुन्हा करते.

मी आता हात धूत बसत नाही. माझ्या हाताबद्दल मी कुणाशीही चर्चा करणार नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

राजीनामा मी लिहिणार नाही. त्यांना मला काढायचं असेल तर काढावं. पण केबिनमध्ये दोघांत नाही, गोड आवाजात नाही, दाखल्याची लालूच दाखवून नाही. सरांनी खाली यावं, चक्कीवर, सगळे कामगार असतील तेव्हा. आणि मला का काढतोय ते माझ्या तोंडावर, मोठ्यानं सांगावं. जे त्यांच्या मनात आहे त्याच शब्दांत. ते वाक्य त्यांच्या तोंडून चार माणसांत बाहेर पडेपर्यंत मी रोज कामावर येणार आहे.